टेपला पडलेली सुरकुती

पहिला अल्बम गाडीतच अडकला.
जुनी फिएस्टा, डेकचं तोंड वाकडं,
कॅसेट आत गेली ती दोन हिवाळे बाहेर आलीच नाही.
म्हणून मिडल्सब्रोमध्ये मी गाडी शिकले ती
रस्ट पॅरिशच्या ड्रमवर:
ठेका बदलला की गोल चौकात शिरायचं,
आणि निरंजन शेजारी, उगाच पाय दाबत
त्याच्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर.
अजून एखाद्या दुकानात ते गाणं लागलं
तर माझा डावा हात इंडिकेटर शोधतो.

दुसऱ्याबद्दल नको.
तो आला त्याच आठवड्यात साताऱ्याहून फोन आला,
आणि विमानात माझ्या कानांना वॉकमन होता.
एवढंच.

तिसरा आमचा होता.
लिन्थॉर्प रोडवरचं भाड्याचं घर,
खालच्या दुकानातून जिन्यावर चढणारा पार्मोचा तळकट वास,
आणि खिडकीपलीकडे, दूर, विल्टनच्या कारखान्याची ज्योत,
रात्रभर आभाळ नारिंगी करून ठेवणारी.
निरंजन त्या ज्योतीखाली ड्यूटीवर.
इकडे मी, अन्वय आणि ती कॅसेट.

अन्वय एक वर्षाचा. एकदा त्याने
टेपचं आतडंच ओढून काढलं,
वावभर तपकिरी फीत, लाळेने ओली.
पहाटे निरंजन आला, बूटही न काढता बसला,
पेन्सिल खुपसून एकेक वेढा आत घेत राहिला.
तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
एका शब्दावर गायक बुडायचा.
दोन सेकंद.
मग वर यायचा, श्वास घ्यायचा, पुढे गायचा.
आम्हीही तसंच गायचो, गाल फुगवून, बुडबुडे काढत.
अन्वयला वाटायचं, गाणं असंच असतं.

वाटणी सोपी गेली.
कुकर मला, गाडी त्याला,
अन्वय आठवडाभर माझा, शनिवार-रविवार त्याचा.
अडलं ते कॅसेटवर.
मी म्हटलं, त्या घरात माझ्याशी बोलणारं
तेवढंच एक होतं.
तो म्हणाला, रोज गेटमधून बाहेर पडताना
मनात म्हणायचो, आज काही फुटलं नाही.
मग घरी येऊन हेच लावायचो,
तू झोपलेली असायचीस.
सात वर्षांत पहिल्यांदा बोलला हे,
तेही वकिलाच्या जिन्यात.
घेऊन जा, म्हटलं.

पुढे मी सीडी आणली. कोरी, स्वच्छ.
त्या जागी गायक बुडाला नाही,
लख्ख म्हणाला: ट्यूजडे.
मंगळवार!
इतकी वर्षं मी त्या पाण्याखाली
काय काय ठेवलं होतं,
आणि निघाला नुसता मंगळवार.
सीडी मी दान-दुकानात देऊन आले.

चौथा म्हणे त्यांचा सगळ्यांत चांगला.
मी ऐकलेला नाही.
त्यात माझ्या ओळखीचं कोणी नाही.

परवा ते टाउन हॉलमध्ये आले.
तिकीट अन्वयने पाठवलं लीड्सहून.
एकच का, विचारलं, तर म्हणाला,
आई, एकटीच जा, मजा येईल.
गायकाच्या हातात आता काठी, बास वाजवणारा नवा,
जुना गेल्या वर्षी गेला, त्याचा कोट खुर्चीवर टांगलेला.
टक्कल पडलेली माणसं मुलांसारखी उड्या मारत होती.
ते गाणं आलं. तो शब्द आला.
सगळा हॉल ओरडला: ट्यूजडे!
मी गाल फुगवले.

सहा रांगा पुढे, कडेच्या खुर्चीत,
एक पिकलं डोकं ओरडलं नाही.
मागून गाल दिसत नाहीत.
पण दोन सेकंदांनी त्याचे खांदे वर आले,
पाण्यातून येतात तसे.

शेवटच्या गाण्याआधीच मी निघाले.
पावणेअकराची बस चुकली असती,
आणि त्यानंतर थेट साडेअकराची.